मुक्काम पोस्ट प्रॉम्प्ट

डेटा सेंटरमधल्या सर्व्हरला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो आणि माउस लावायला कोणी जागचे उठतही नाही. बेचाळीस खणांच्या लोखंडी रॅकमध्ये ही यंत्रे एकावर एक रचलेली असतात, पुढून थंड हवा ओढतात आणि मागून गरम फेकतात. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात अशा इमारती आहेत. त्यांना कुलपे पुष्कळ आणि खिडक्या थोड्या. यंत्रे सांभाळणारा माणूस मात्र हिंजवडीत, किंवा रात्रपाळी घरून असेल तर चिंचवडच्या दोन खोल्यांत बसलेला असतो. त्याच्या आणि सर्व्हरच्या मधला दुवा म्हणजे एक काळी खिडकी आणि तीत लुकलुकणारी एक काडी. काडीच्या डावीकडे जो मजकूर असतो त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. आपण कोण आहोत आणि कुठे आहोत हे तो सांगतो. तो वाचण्याची पद्धत नाही.

एक सर्व्हर असेल तर बटणे दाबून काम भागते. चारशे असतील तर स्क्रिप्ट लिहावी लागते, कारण तेच काम चारशे वेळा हाताने करणारा माणूस चाळिसाव्या यंत्राला कंटाळतो आणि एक्केचाळिसाव्याला चुकतो. स्क्रिप्ट कंटाळत नाही. तिला चुकायचेच असेल तर ती चारशेच्या चारशे यंत्रांवर न थकता, एकसारखी आणि चहा येईपर्यंत चुकून मोकळी होते. मग बिघाडाचा शोध सुरू होतो. संशय आधी सर्व्हरवर जातो, मग नेटवर्कवाल्यांवर, मग काल रजेवर असलेल्या सहकाऱ्यावर. 'काल काय बदलले?' या प्रश्नाला 'काहीच नाही' हे उत्तर सगळीकडून एकमताने येते. स्क्रिप्टने मात्र बहुतेक वेळा सांगितले तेच केलेले असते. फक्त जिथे होईल असे वाटले होते तिथे केलेले नसते. यंत्र वेगळे, वापरकर्ता वेगळा, आवृत्ती वेगळी, नाहीतर घड्याळ वेगळे. कमांड लाइनचे बरेचसे बिघाड एवढ्यातच आटोपतात.

सर्व्हर बंद पडला असेल तर त्याला उठवायचे कोणी? यासाठी १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी मिळून आयपीएमआय नावाचा संकेत ठरवला. त्यानुसार मोठ्या संगणकाच्या बोर्डावर एक छोटा संगणक बसवतात. त्याला बीएमसी म्हणतात, आणि मुंबई महापालिकेशी त्याचा संबंध नाही. देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखे त्याचे काम: वाडा झोपलेला असो की कोसळलेला, हा जागा. मुख्य यंत्र बंद असले तरी प्लगमधून येणाऱ्या विजेवर तो चालू राहतो, त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि ६२३ क्रमांकाच्या पोर्टवर तो हाका ऐकतो. हा पहारेकरी भलताच भिडस्त आहे हे नंतर कळते. दारात येऊन कोणी एखाद्या वापरकर्त्याचे नाव घेतले, की ओळख पटण्याआधीच तो त्याच्या पासवर्डपासून काढलेला हॅश समोरच्याच्या हातावर ठेवतो. २०१३ मध्ये डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने याचा गवगवा केला. पण दुरुस्ती करणार कशाची? संकेताच्या दुसऱ्या आवृत्तीत असेच वागायचे असे लिहून ठेवलेले होते.

पासवर्डचे प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. डेलच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे रूट या वापरकर्त्याचा पासवर्ड कॅल्विन असे. सुपरमायक्रोच्या यंत्रांवर नावही ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून कायदाच लागू झाला, तेव्हा कुठे प्रत्येक यंत्राला निराळा पासवर्ड मिळाला. एचपीने आधीच वेगळी वाट धरली होती: प्रत्येक सर्व्हरला वेगळा पासवर्ड, आणि तो यंत्रालाच लावलेल्या एका पट्टीवर छापलेला. हा उपाय पक्का आहे, कारण पट्टी वाचायला महापेला कोणाला तरी फोन करावा लागतो. पंख्यांच्या घरघरीत इंग्रजी अक्षरे ओळखू येत नाहीत, त्यामुळे 'बोरिवलीचा बी की दादरचा डी?' असा संवाद चालतो आणि शेवटी शून्य की ओ यावर घोडे अडते.

पासवर्ड हाती आला तरी तो सर्व्हरपर्यंत धड पोचेलच असे नाही. सुरक्षा विभाग पासवर्डची किमान लांबी वाढवत नेतो. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत कमाल लांबी २० बाइट, पहिल्या पिढीत १६. एक दिवस किमान हे कमालच्या पुढे जाते. शिवाय पासवर्डात डॉलरचे चिन्ह आणि पुढे १२३ असे आले आणि ते स्क्रिप्टमध्ये दुहेरी अवतरणात लिहिले, तर आज्ञा वाचणारा बॅश शेल डॉलर आणि एक हे दोन्ही मिळून स्क्रिप्टला दिलेली पहिली बाब समजतो. ती दिलेलीच नसेल तर तिथे काही उरत नाही आणि सर्व्हरकडे नुसता २३ हा शेपटीचा भाग जातो. एकेरी अवतरणात तोच पासवर्ड सुखरूप पोचतो. या अर्ध्या चिन्हाच्या फरकावर रात्री गेलेल्या आहेत.

पासवर्ड चुकला, सांकेतिकीकरणाचा प्रकार जुळला नाही, नेटवर्कवरून बोलण्याची परवानगीच बंद आहे, काहीही झाले तरी बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूल या कमांडची शेवटची ओळ एकच येते: सत्र सुरू करता आले नाही. कधी कधी खरे कारण निराळेच निघते. बीएमसीला एका वेळी मोजकीच सत्रे झेपतात, आणि दर मिनिटाला तापमान विचारणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टने सत्रे उघडून ती बंद करण्याचे सौजन्य दाखवलेले नसते. उपाय म्हणजे बीएमसीलाच रीसेट मारणे. नेटवर्कवरून तो ऐकत नसेल तर ही आज्ञा सर्व्हरच्या आतून देता येते, म्हणजे बंद सर्व्हर उठवणारा उठत नसेल तर त्याला उठवायला सर्व्हर चालू असावा लागतो. तोही नसेल तर महापेला फोन करून वायर काढून परत लावायला सांगतात. एवढ्या तंत्रज्ञानानंतरचा हा उपाय सर्वांत भरवशाचा आहे.

कोणतीही कमांड काम संपवून परत येते तेव्हा एक आकडा ठेवून जाते. शून्य म्हणजे यश. उरलेले १ ते २५५ हे सगळे आकडे अपयशासाठी राखीव आहेत, यावरून युनिक्स घडवणाऱ्यांचा अनुभव लक्षात येतो. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही. १३७ म्हणजे चालत होती, कोणीतरी मारली. मारणारा पुष्कळदा यंत्रणेचा गाभा, म्हणजे कर्नल स्वतःच असतो, कारण मेमरी संपलेली असते आणि कोणाला तरी जावेच लागते. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडले नाही तर तो १ देतो. चुकीवर थांबण्याचा कडक नियम घातलेली स्क्रिप्ट यालाही अपयश समजते. परिणामी लॉगमध्ये चुका शोधायला पाठवलेली स्क्रिप्ट, लॉगमध्ये एकही चूक नाही या कारणाने मरून पडते.

शब्दांतले संदेश आकड्यांपेक्षा बरे असतात असे नाही. जुन्या युनिक्सवर एखाद्या फायलीला टर्मिनल समजून काही विचारले तर 'हा टाइपरायटर नाही' असे उत्तर येई. विधान खरे होते. कार्यक्रमाने चुकीचा क्रमांक भलत्या वेळी तपासला तर 'चूक: यशस्वी' अशीही ओळ उमटते, आणि ती वाचून वरिष्ठांना काय कळवायचे हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

अधिक माहिती हवी असेल तर कमांडपुढे आडवी रेघ आणि व्ही हे अक्षर लावावे असे नवशिक्यांना शिकवतात. दूरच्या यंत्रावर लॉगिन करून देणाऱ्या एसएसएचला तीन व्ही लावले तर तो पोटातले सगळे ओकतो. ग्रेपला एक व्ही लावला तर तो बोलका होत नाही, उलट वागू लागतो आणि न जुळणाऱ्या ओळी दाखवतो. पोर्टचा क्रमांक एसएसएचला लहान पी लावून सांगायचा आणि त्याच घरातल्या, फायली नेणाऱ्या एससीपीला मोठा पी लावून, कारण एससीपीचा लहान पी फायलीच्या तारखा जपण्यात गुंतलेला आहे. ही गैरसोय झाली. किलऑल या कमांडचे तसे नाही. लिनक्सवर ती नाव दिलेल्या प्रक्रिया बंद करते. सोलॅरिस या युनिक्सवर ती नावाप्रमाणे वागते, म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रक्रिया मारते. यंत्र बंद करताना वापरण्यासाठीच ती ठेवलेली आहे. लिनक्सवर वाढलेला माणूस सोलॅरिसवर रूट म्हणून बसला की हा भेद त्याला एकदाच शिकावा लागतो.

विंडोजच्या बाजूला शिस्त जास्त. जेफ्री स्नोव्हरने २००२ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून २००६ मध्ये पॉवरशेल हा शेल बाहेर आला. त्यात प्रत्येक कमांड क्रियापद, आडवी रेघ, नाम अशी असते, आणि क्रियापदांचीही मान्यताप्राप्त यादी आहे. यादीबाहेरचे क्रियापद वापरलेले मॉड्यूल उघडले की शेल इशारा देतो. एवढ्या काटेकोर घरात कर्ल हे वेबवरून मजकूर आणणाऱ्या कमांडचे नाव मात्र भलत्यालाच दिलेले होते. विंडोजच्या मूळ पॉवरशेलमध्ये ते दुसऱ्याच एका कमांडचे टोपणनाव आहे. त्यामुळे लिनक्सवरून आणलेली कर्लची ओळ तिथे चिकटवली की अनोळखी पर्यायांबद्दल लालभडक तक्रार येते. एका जागी सर्व्हरची यादी मागितली आणि उत्तरात दोन सर्व्हर आले तर यादी मिळते, एकच आला तर यादी नाहीशी होऊन सुटा सर्व्हर हाती येतो. चाचणीत नेहमी तीन-चार सर्व्हर घेतलेले असतात. एकच सर्व्हर असलेली शाखा चाचणीनंतर उघडते.

दोन्ही बाजूंची गाठ पडते ती फायलीत. ओळ संपली हे सांगायला विंडोज दोन अदृश्य चिन्हे ठेवतो, लिनक्स एकच. टाइपरायटरची गाडी ओळीच्या सुरुवातीला परत आणणे आणि कागद वर सरकवणे या दोन हालचाली होत्या, त्यांपैकी पहिलीचे चिन्ह विंडोजने अजून सोडलेले नाही. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की पहिल्याच ओळीवर 'अशी फाइल नाही' असे उत्तर येते. फाइल असते. माणूस ती उघडून बघतो, नाव तपासतो, परवानग्या तपासतो, शेजाऱ्याला दाखवतो. सगळे बरोबर असते, कारण चूक दिसत नाही अशा जातीची आहे. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून बाणाने फायलीत उतरवलेला मजकूर यूटीएफ-१६ मध्ये जातो, प्रत्येक इंग्रजी अक्षरापाठी एक शून्य बाइट घेऊन. लिनक्सचा ग्रेप त्यात डोळ्यांना ढळढळीत दिसणारा शब्द शोधतो आणि सापडला नाही म्हणून सांगतो.

'माझ्याकडे चालते' हे वाक्य या धंद्यात रोज ऐकू येते, आणि ते खोटे नसते. हाताने चालवलेली स्क्रिप्ट आणि ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनने चालवलेली स्क्रिप्ट अक्षरशः एकच असली तरी दोघींचा भोवताल एक नसतो. माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याच्या नावाने ठेवलेल्या बारक्यासारक्या सोयी आपोआप लागू होतात. क्रॉनला त्या दिसत नाहीत. तो कमांडी दोन-चार ठरलेल्या जागी शोधतो आणि नाही मिळाल्या तर १२७ देऊन मोकळा होतो. त्याच्या वेळापत्रकात टक्क्याचे चिन्ह आले तर तो तिथे ओळ तोडतो. तारीख लिहायची तर टक्क्याचे चिन्ह लागतेच, म्हणून बॅकअपच्या फायलीला तारखेचे नाव द्यायला गेलेली आज्ञा मध्येच चिरली जाते. याबद्दलची तक्रार क्रॉन रीतसर मेलने कळवतो, त्याच सर्व्हरवरच्या एका पेटीत, जी कोणीही उघडत नाही.

घड्याळाचेही तेच. सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर ठेवलेले असतात. मध्यरात्रीला लावलेले काम पुण्यात पहाटे साडेपाचला सुटते. ज्याची तारीख हरवली आहे असे यंत्र १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागते, आणि भारतीय वेळेत तो क्षण सकाळी साडेपाचचाच येतो. लॉगमध्ये साडेपाच दिसले की आधी साल बघावे.

वेळेवरून आठवते ते २०१७ मधले एक प्रकरण. एका प्रोग्रामरच्या स्वयंचलित चाचण्या रोज दिवसभर पास होत आणि रात्री साडेबाराला नापास होत. या चाचण्या मॅन या कमांडवर अवलंबून होत्या. मॅन म्हणजे इतर कमांडींची माहितीपुस्तिका दाखवणारी कमांड, या व्यवसायातली त्यातल्या त्यात गंभीर प्रकृतीची. शोधाअंती निघाले ते असे: २०११ मध्ये तिचा सांभाळ करणाऱ्या कॉलिन वॉटसन यांनी अॅबा या स्वीडिश गायकवृंदाच्या 'गिमी गिमी गिमी' या गाण्यावरून तीत गंमत पेरली होती. बरोबर साडेबाराला, कुठल्याही पानाचे नाव न देता मॅनला हाक मारली, की ती हेच तीन शब्द म्हणे. गंमत सहा वर्षे कोणाच्या वाटेला गेली नव्हती. तक्रार आल्यावर वॉटसन यांनी ती काढून टाकली, याचे वाईट वाटणारे लोकही निघाले.

आरएम ही फायली पुसणारी कमांड गंमत करत नाही. २०११ मध्ये बम्बलबी या लिनक्सवरच्या प्रकल्पाच्या स्थापना-स्क्रिप्टमध्ये एका लांबलचक मार्गाच्या मध्यभागी एक जागा सुटली. एका मार्गाचे दोन झाले, पहिला निघाला यूएसआर हा अख्खा विभाग, आणि नवे सॉफ्टवेअर बसवायला गेलेल्यांचे बसलेले सॉफ्टवेअर पुसले गेले. २०१५ मध्ये स्टीम या खेळांच्या दुकानाच्या लिनक्स आवृत्तीत फोल्डरचे नाव धरून ठेवणारा चल रिकामा राहिला, आणि 'या फोल्डरमधले सगळे' याचा अर्थ 'यंत्रावरचे सगळे' असा झाला. त्या ओळीशेजारी लिहिणाऱ्याने 'भीतिदायक!' या अर्थाची टिप्पणी स्वतःच करून ठेवली होती. म्हणजे धोका कळला होता, नोंदलाही होता.

बरोबर आज्ञा चुकीच्या यंत्रावर देण्याचा नामांकित नमुना ३१ जानेवारी २०१७ चा आहे. प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचे फोल्डर पुसायचे होते. दुसरी खिडकी मुख्य सर्व्हरची होती. एक-दोन सेकंदांत लक्षात आले आणि आज्ञा थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार उरले होते. मग बॅकअपकडे वळले. पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. त्यांतली एकही कामाची निघाली नाही. एकीत डेटाबेसची आवृत्ती जुळत नसल्याने बॅकअप कधीपासून फसत होता, आणि ते कळवणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कोणीतरी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत मिळाली म्हणून निभावले. कंपनीने ही सगळी दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि नंतर सुधारणांची यादी काढली. कोणत्या यंत्रावर आहोत ते प्रॉम्प्टमध्ये ठळक दिसावे, हे त्या यादीत होते.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या एस-३ या साठवण सेवेत एका अधिकृत माणसाने, अधिकृत पुस्तिकेतली आज्ञा, थोडे सर्व्हर काढण्यासाठी दिली. एक बाब चुकीची टंकली गेली आणि पुष्कळ सर्व्हर निघाले. अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइटी काही तास आडव्या झाल्या. सेवांची तब्येत दाखवणारा ॲमेझॉनचा फलक मात्र बदलता येईना, कारण त्याचा कारभारही एस-३ वरच चालत होता.

यावर उपाय आहेत. पॉवरशेलमध्ये 'केले तर काय होईल' असे विचारणारा पर्याय आहे. तो लावला की कमांड काही न करता नुसती यादी वाचते, अर्थात ती लिहिणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तर. डेबियन लिनक्सवर मॉली-गार्ड नावाचे पॅकेज मिळते. दूरवरून कोणी यंत्र बंद करू लागला की ते त्याला आधी यंत्राचे नाव टाइप करायला लावते. मॉली ही एका प्रोग्रामरची दुडदुडणारी लेक. तिने आयबीएम ४३४१ या मोठ्या संगणकाचे लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबले, तेव्हा त्यावर पारदर्शक झाकण बसवण्यात आले, आणि पुढे अशा सगळ्या झाकणांना तिचे नाव पडले.

शेकडो यंत्रांना एकदम आज्ञा देणाऱ्या हत्यारांमध्ये २०१२ पासूनचा ॲन्सिबल बराच वापरात आहे. काय झाले, काय फसले हे तो शांतपणे ओळीओळीने सांगतो. मात्र ज्या यंत्रावरून तो चालवला जातो तिथे काउसे नावाचे खेळकर पॅकेज असेल, तर प्रत्येक टप्प्याचे शीर्षक तो टिंबा-रेघांनी काढलेल्या एका गायीच्या तोंडी घालतो. हा बिघाड नव्हे, वैशिष्ट्य आहे. गायी नकोत असतील तर त्यासाठीचा चल लॉगिनच्या फायलीत १ करून ठेवतात. टर्मिनलवर त्या थांबतात. क्रॉन ती फाइल वाचत नाही, त्यामुळे रात्रीच्या मेलमध्ये प्रत्येक टप्प्यावर गाय असतेच. एखादा सर्व्हर फसला असेल तर तो तिच्या पायाखालच्या ओळीत शोधावा.